हिरवा दिवा कोणाच्या हातात?

गेल्या अंकात मी मोटार शर्यतींतल्या पिट लेनमधल्या, म्हणजे ट्रॅकशेजारच्या ज्या गल्लीत गाड्या थांबवून चाकं बदलतात तिथल्या, अपघातांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: चाकं बदलून झाल्यावर गाडी सोडायची कोणी, माणसाने की यंत्राने? मी आधी एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याच्या, शर्यतींत व्हील गन (चाकाचा नट फिरवणारं यंत्र) धरायचे, नंतर गाडी सोडणाऱ्याची पाटी माझ्या हातात आली. दोन्ही कामं केलेली असल्यामुळे माझं मत ठाम आहे आणि ते खालच्या उत्तरांत येईलच.

ताई, मी इन्स्ट्रुमेंटेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. २०१८ च्या बहारीन ग्रां प्रीमध्ये किमी रायकोनेनच्या गाडीचं मागचं डावं चाक बदललंच नव्हतं, तरी त्याला हिरवा दिवा मिळाला. एवढे सेन्सर असताना असं कसं होतं? मला प्रोजेक्टसाठी हाच विषय घ्यायचा आहे.

जरूर घे. पण आधी तो प्रसंग पुन्हा एकदा पाहा आणि या वेळी गाडीकडे न बघता मागच्या डाव्या चाकापाशी उभ्या असलेल्या मेकॅनिककडे बघ. नवं चाक हातात घेऊन, जुनं निघायची वाट पाहत तो जुन्या चाकाच्या पुढ्यात उभा आहे. तो जिथे असायला हवा तिथेच आहे. जुनं चाक निघत नाही आणि दिवा हिरवा होतो. रायकोनेन दिवा बघून निघतो. त्याचंही काही चुकलेलं नाही, कारण मागे काय चाललंय हे त्या सीटवरून कळण्यासारखं नसतं. त्या मेकॅनिकची गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली. तीन नवे आणि एक जुना टायर घेऊन गाडी पिट लेनमध्येच थांबली. त्याच्या संघाला, फेरारीला, ५०,००० युरो दंड झाला.

आता यंत्रणेकडे येऊ. फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक चाकाला तिघं असतात: एक गन चालवतो, एक जुनं चाक ओढतो, एक नवं बसवतो. शिवाय पुढचा आणि मागचा जॅकवाला, गाडी हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी धरणारे दोघं आणि इतर काही जण, अशी सगळी मिळून वीसेक माणसं. चारही कोपऱ्यांतून ‘झालं’ असा संकेत आला आणि जॅक खाली आले, की दिवा हिरवा. खोच त्या ‘झालं’मध्ये आहे. गनमधला सेन्सर नट कोणत्या दिशेला फिरला आणि किती जोराने आवळला गेला, एवढंच सांगू शकतो. नटाच्या मागे नवं चाक आहे की जुनं, हे त्याला कळायला काहीच मार्ग नाही. जुन्याच चाकाचा नट सैल झाला आणि पुन्हा आवळला गेला, तरी गनच्या लेखी काम पुरं झालं.

दुसरी फसगत याहून बारीक आहे. त्याच मोसमात, बहारीनच्या दोन आठवडे आधी, मेलबर्नला हास संघाच्या दोन्ही गाड्या चौथ्या आणि पाचव्या क्रमांकावर धावत होत्या. पिट स्टॉपनंतर दोघांचंही एकेक चाक नीट बसलेलं नाही असं निघालं आणि काही फेऱ्यांच्या अंतराने दोन्ही गाड्या शर्यतीतून बाद झाल्या. नट आट्यांवर वाकडे चढले होते. वाकडा चढलेला नट फार फसवा असतो. आटे एकमेकांत अडकतात, त्यामुळे टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, भरपूर दिसतो, पण नट चाकाला टेकलेलाच नसतो.

गन धरणाऱ्याला हे हाताला कळतं. नट सरळ चढला की आधी सुळकन आत जातो, गनचा आवाज एकसारखा चढत जातो आणि शेवटी ती ठोके द्यायला लागते. वाकडा चढला की ठोके लवकर सुरू होतात. सुरुवातीची ती मोकळी फिरकी मिळतच नाही. कानाआधी मनगटाला शंका येते. ती शंका सेन्सरलाही यावी अशी रचना करता येते: टॉर्कच्या जोडीला नट किती फेरे फिरला तेही मोज. ठरलेल्या फेऱ्यांच्या आधीच टॉर्क भरला, तर नट वाकडा आहे असं धरून चालायचं.

तुझ्या प्रोजेक्टसाठी माझं सांगणं असं. एकाच सेन्सरकडून तीनदा खात्री करून घेण्यात अर्थ नाही. तीन निरनिराळे पुरावे घे. पहिला गनचा: टॉर्क आणि फेरे. दुसरा हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा: चाक पूर्ण आत बसलं तरच दबेल अशी एखादी खिट्टी. तिसरा चाकाचा: नव्या चाकावर आधीच केलेली खूण कॅमेऱ्याला दिसली का. यांतला एक जरी गप्प राहिला तरी दिवा लाल. तार तुटली, बॅटरी उतरली, सेन्सरवर ब्रेकची काळी धूळ बसली, तरी लाल. ‘संकेत आला नाही’ आणि ‘अडचण नाही’ या दोन गोष्टी तुझ्या सर्किटमध्ये कधीही एक होता कामा नयेत. परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला तरी हा विचारतील, आणि विचारलाच पाहिजे.

पूर्वी गाडीपुढे लांब दांड्याची लॉलीपॉप पाटी घेऊन एक माणूस उभा असायचा. त्याला हटवून दिवे आणले आणि अपघात वाढले असं माझं मत आहे. पाटी परत का आणत नाहीत?

पाटी मी स्वतः धरली आहे, त्यामुळे तिच्याविषयी मला माया आहे. तरीही तुमच्या मताशी मी सहमत नाही.

२००८ ची सिंगापूर ग्रां प्री आठवा. फेलिपे मासा शर्यतीत पुढे होता. सेफ्टी कार (अपघात झाल्यावर सगळ्यांचा वेग आवरायला ट्रॅकवर येणारी गाडी) आली आणि सगळ्या गाड्या एकदम पिटमध्ये शिरल्या. फेरारीकडे तेव्हा दिव्यांची यंत्रणा होती, पण पिट लेनमध्ये गर्दी झाल्यामुळे त्या वेळी दिवा माणसाच्या हातात होता. त्याने हिरवा दाबला तेव्हा इंधनाची नळी गाडीतच होती. मासा नळीसकट निघाला, इंधन भरणारा मेकॅनिक खाली पडला, आणि संघाची माणसं पिट लेनच्या टोकापर्यंत धावत जाऊन ती नळी उपसत बसली. मासा १३ वा आला आणि त्या मोसमाचं विजेतेपद एका गुणाने हुकला. पुढच्या शर्यतीला फेरारीने दिवे सोडून पुन्हा पाटीच आणली.

म्हणजे २००८ मध्ये माणसाचं बोट चुकलं आणि २०१८ मध्ये यंत्राचं अनुमान चुकलं. दोन्ही वेळी ‘जा’ म्हणायचा अधिकार एकाच ठिकाणी एकवटला होता आणि त्याला अडवणारं कोणी नव्हतं. पाटीवालाही एकटाच असतो. त्याची नजर एकाच वेळी चार चाकांवर, दोन जॅकवर आणि मागून येणाऱ्या गाड्यांवर राहू शकत नाही. पाटी धरायचे तेव्हा मी मागच्या चाकांचं काम पाहायचेच नाही, तिकडच्या माणसांचे वर झालेले हात पाहायचे. चाकावरच्या माणसाने ‘झालं’ म्हणून हात वर केला की त्याच्या शब्दावर विसंबायचं. दुसरा इलाजच नसतो.

माझ्या मते गाडी सोडायला सगळ्यांची संमती लागावी आणि अडवायला कोणा एकाचीही हरकत पुरावी. गनवाल्याला, जॅकवाल्याला, सेन्सरला, समोर उभ्या असलेल्या नियंत्रकाला, प्रत्येकाला दिवा लाल ठेवायचा हक्क हवा. एकट्याने हिरवा करायचा हक्क मात्र कोणालाच नको.

२०२१ मध्ये एफआयएने, म्हणजे मोटार शर्यतींच्या जागतिक नियामक संस्थेने, पिट स्टॉप मुद्दाम संथ केले असं वाचलं. सेकंदाच्या दहाव्या-विसाव्या भागाने कोणाचा जीव वाचणार? हा वेगवान संघांना खाली खेचायचा प्रकार वाटतो.

आधी नियम काय होता ते सांगते. चाक घट्ट झाल्याचा संकेत आणि जॅक खाली सोडण्याचा संकेत यांत निदान ०.१५ सेकंद, आणि जॅक खाली आल्यापासून हिरवा दिवा लागेपर्यंत निदान ०.२ सेकंद जावेत, असा तो निर्देश. त्याची अंमलबजावणी बेल्जियम ग्रां प्रीपासून झाली. त्याच्या मुळाशी एक जुना नियम आहे: सेन्सरने फक्त साक्ष द्यायची, पुढची कृती सुरू करायची नाही.

०.१५ आणि ०.२ हे आकडे हवेतून आलेले नाहीत. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला साधारण एवढाच वेळ लागतो. एखाद्या संघाच्या संकेतांत याहून कमी अंतर दिसलं, तर मधल्या माणसाने काही पाहिलेलंच नाही. नट घट्ट झाला हे कळायच्या आधीच, तो होईल या भरवशावर त्याने बटण दाबलं, किंवा यंत्राने त्याला वगळून काम पुढे ढकललं. गन धरणाऱ्यांना ही ओढ चांगली ठाऊक असते. शेजारच्या कोपऱ्यातले हात आधी वर गेले की आपलं बोट आपोआप घाई करतं.

वेगवान संघ मागे पडले असंही झालं नाही. २०१९ मध्ये ब्राझीलला रेड बुलने १.८२ सेकंदांत चाकं बदलली होती, आणि २०२३ मध्ये कतारला मॅक्लारेनने लँडो नॉरिसची गाडी १.८० सेकंदांत सोडली. तोवर हा निर्देश लागू होऊन दोन वर्षं झाली होती. चाक हबवर कसं सरकतं, नट कसा पकडला जातो, पुढचा जॅकवाला गाडीच्या वाटेतून बाजूला होण्यासाठी जॅक कसा वळवतो, अशा कामांत संघांनी वेळ कमावला. कमवायचा तर तिथेच कमवावा. खात्री करण्याच्या वेळेतून कापलेला प्रत्येक क्षण मेकॅनिकच्या जिवावरचा असतो, आणि हे मी फार जपून ठरवलेलं मत आहे.

गाडी समोरून जाणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या वाटेत सोडली जाते, त्याचं काय? आज रडार, जीपीएस सगळं असताना ते अडवता येत नाही?

सोडणं दोन तऱ्हेने चुकतं आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हा प्रश्न बरा आला. एकात गाडीच तयार नसते. दुसऱ्यात गाडी तयार असते, पण वाट मोकळी नसते.

बऱ्याच पिट लेनमध्ये वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर असते, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. सोडणारा नियंत्रक ‘वाट मोकळी आहे’ असं ठरवतो आणि गाडी प्रत्यक्ष हलते, यांत अर्धा सेकंद गेला तरी मागून येणारी गाडी ११ मीटर पुढे आलेली असते. म्हणजे दोन गाड्यांची लांबी. त्यामुळे गाडी आत्ता कुठे आहे हे पाहून भागत नाही, ती पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधावा लागतो. पिट भिंतीवर आधीच एक खूण ठरवून ठेवायची, आणि येणारी गाडी त्या खुणेच्या अलीकडे आली असेल तर सोडायचं नाही, हा साधा उपाय मी वापरायचे. रडार किंवा कॅमेरा हेच काम अधिक अचूक करेल, आणि लाल दिवा धरून ठेवायला त्याचा वापर करायला माझी काहीच हरकत नाही. पण शेजारच्या संघाचा मेकॅनिक नळी उचलायला दोन पावलं पुढे आला, हे त्या रडारने ओळखलं पाहिजे. तोवर समोर माणूस हवाच.

आणि दंडाचं काय? २०१९ मध्ये मोनॅकोला मॅक्स वेर्स्टापेनला बोटासच्या बाजूला सोडलं, दोघं घासले, आणि वेर्स्टापेनला पाच सेकंदांची शिक्षा झाली. दुसऱ्या क्रमांकाने रेषा ओलांडूनही निकालात तो चौथा आला. त्याच वर्षी हॉकेनहाइमला लक्लेरला ग्रोजाँच्या वाटेत सोडलं, तर फेरारीला फक्त ५,००० युरो दंड. मोठ्या संघाला ही रक्कम जाणवतसुद्धा नाही. वेळ वाचवायला घेतलेल्या धोक्याची किंमत वेळेतच वसूल झाली पाहिजे आणि दर वेळी सारखीच झाली पाहिजे. नाहीतर नियंत्रकाच्या कानात ‘सोड, सोड, दंड भरू’ असं कोणीतरी म्हणणारच.

मेकॅनिकांना हेल्मेट असतं. पिट लेनमध्ये छायाचित्रकार, कॅमेरावाले असतात, त्यांचं संरक्षण कोण करतं?

२०१३ च्या जर्मन ग्रां प्रीपर्यंत फारसं कोणी करत नव्हतं. मार्क वेबरच्या रेड बुलचं मागचं उजवं चाक नीट आवळलेलं नसताना गाडी सुटली, चाक निखळलं आणि पिट लेनमध्ये उड्या मारत जाऊन पाठमोऱ्या उभ्या असलेल्या एका कॅमेरामनवर आदळलं. त्याचं गळपट्टीचं हाड आणि बरगड्या मोडल्या. त्यानंतर शर्यतीच्या वेळी पिट लेनमधली माध्यमांची माणसं हटवली गेली आणि वेगमर्यादा ताशी १०० वरून ८० किलोमीटरवर आणली. फॉर्म्युला वनमध्ये नट सैल पडला तरी तो अक्षावरून निसटू नये, यासाठी वेगळी अडसर-रचनाही असावी लागते.

तरी ढिलाई येतेच. २०२३ मध्ये बाकूला एस्तेबान ओकों अगदी शेवटच्या फेरीत पिटमध्ये आला, तेव्हा बक्षीस समारंभाच्या तयारीला लागलेली माणसं आणि छायाचित्रकार पिट लेनमध्ये उभे होते. त्यांना बाजूला पळावं लागलं. शर्यत चालू असेपर्यंत पिट लेन मोकळी हवी, यात तडजोड नको.

आमचा हौशी संघ आहे. लांब पल्ल्याच्या शर्यतीत भाग घेतो. सेन्सर, दिवे परवडत नाहीत. आमच्यासारख्यांनी काय करावं?

तुमच्या पत्रात लिहिलंय की गाडी सोडायला ‘जो मोकळा असेल तो’ ओरडतो. पहिल्यांदा हे थांबवा. एक माणूस ठरवा, त्याच्या हातात पाटी द्या, आणि त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका. पाणी द्यायचं नाही, काच पुसायची नाही, ड्रायव्हरशी बोलायचं नाही. पाटी खाली म्हणजे थांब, पाटी वर म्हणजे जा. आवाजाने काहीही सांगायचं नाही, कारण शेजारच्या संघाचं ‘गो’ तुमच्या ड्रायव्हरलाही ऐकू येतं.

चाकावरच्या माणसाने नट आवळल्यावर गन बाजूला घ्यायची, चाकाकडे एकदा बघायचं, चाकाला हात लावायचा आणि मग हात वर करायचा. हा क्रम मोडायचा नाही. हात वर गेला की तो पाटी उठेपर्यंत वरच. मध्येच शंका आली तर हात खाली घ्यायचा. त्याबद्दल कोणी त्याला नंतर बोलायचं नाही, उलट सगळ्यांसमोर त्याचं कौतुक करायचं. तुमच्या संघात हे एवढं रुजलं तरी मला समाधान आहे. चुकीची शंका घेतली म्हणून दहा सेकंद गेले तर जाऊ द्या. मेलबर्नला गाडी बंद पडल्यावर हासचा ड्रायव्हर ग्रोजाँ परत आला आणि उदास झालेल्या मेकॅनिकला त्याने धीर दिला, हे दृश्य अनेकांनी पाहिलं असेल. ज्या संघात असं वागलं जातं, तिथला माणूस पुढच्या वेळी शंका लपवणार नाही.

सराव चालण्याच्या गतीने सुरू करा. घड्याळ लावूच नका. हाताला क्रम बसला की मग घड्याळ. त्यानंतर एक गोष्ट करा जी फार थोडे संघ करतात: सरावात मुद्दाम चूक पेरा. एखाद्या चाकाचा नट अर्धाच आवळायचा, आणि हे फक्त त्या गनवाल्याला आणि सराव घेणाऱ्याला माहीत. पाटीवाल्याने ते पकडलं का? जॅकवाल्याने? नाही पकडलं तर गाडी तिथेच थांबवून, सगळ्यांनी चाकाभोवती जमून, कोणाला काय दिसलं होतं ते बोलायचं. सरळ गेलेल्या वीस सरावांतून जेवढं कळत नाही तेवढं अशा एका सरावातून कळतं.

इंधन भरणं आणि चाकं बदलणं एकत्र करू नका, शर्यतीच्या नियमात मुभा असली तरी. वर्ल्ड एन्ड्युरन्समध्येही आधी इंधन, मग टायर असा क्रम अनेक वर्षं राहिला आहे. इंधन चालू असताना इंजिन बंद, आणि अग्निशामक घेतलेला माणूस नळीकडे तोंड करून उभा. त्यालाही दुसरं काम नाही.

आणि गाडी निघून गेल्यावर चाक सैल आहे असं कळलं तर काय बोलायचं, हे आजच ठरवून ठेवा. रेडिओवर एकानेच बोलायचं, एकच शब्द: ‘थांब’. कारण, माफी, चर्चा काही नाही. ड्रायव्हरने गाडी पिट लेनमध्ये असेल तर तिथेच कडेला, ट्रॅकवर गेली असेल तर पहिल्या सुरक्षित जागी उभी करायची. पिट लेनमध्ये रिव्हर्स घ्यायचा नाही. अधिकाऱ्यांची परवानगी मिळाली तर गाडी हातांनी ढकलत मागे आणायची, आणि ढकलताना एक जण मागून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून हात वर धरून चालेल.